काय विरघळते, काय उरते : डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांचे जीवनकार्य

द्वारका आणि तिच्या आसपासच्या नैर्ऋत्य दिल्लीतील कूपनलिकांचे पाणी खारवट व दुष्फेन. या पाण्यात साबण कितीही घासला तरी फेस लवकर धरत नाही. बादलीच्या कडेला मात्र पांढरट, चिकट साका जमतो. घरोघरी त्याला पाण्याचा दोष म्हणतात, आणि तो खरोखरच पाण्याचा दोष आहे. साबण म्हणजे मेदाम्लाचे सोडियम-लवण. ते पाण्यात विरघळते. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या सोडियमची जागा घेतात, आणि जे नवे लवण तयार होते ते पाण्यात विरघळत नाही. साक्याच्या रूपाने वेगळे पडते. मेदाम्ल तेच, फक्त त्याचा जोडीदार बदलला आणि विरघळणारा पदार्थ न विरघळणारा झाला.

जोडीदार बदललेल्या याच लवणांचा अभ्यास करून १९२१ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळवणारा एक भारतीय तरुण पुढे स्वतंत्र भारताच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांचा शिल्पकार ठरला. दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि भावनगरची मीठ संशोधन संस्था या तिन्हींच्या उभारणीमागे त्याची दृष्टी होती. डॉ. शांतिस्वरूप भटनागर हे नाव आज एका मानाच्या पुरस्कारामुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या नावामागे असलेला पोरका मुलगा, उर्दू कवी, द्रावणांचा अभ्यासक आणि हाती आलेला पैसा विद्यापीठाच्या स्वाधीन करणारा प्राध्यापक फारसा परिचित नाही.

मिठाच्या डोंगराजवळचे गाव

२१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबच्या शाहपूर जिल्ह्यातील भेरा या गावी शांतिस्वरूपांचा जन्म झाला. भेरा झेलम नदीच्या काठी वसलेले आहे. नदीपलीकडे उत्तरेस मिठाच्या डोंगरांची रांग पसरली आहे. तिच्यातील खेवडा येथील खाणीतून शतकानुशतके सैंधव निघत आले आणि उपवासाच्या दिवशी महाराष्ट्रातील स्वयंपाकघरातही ते वापरले गेले. हा सारा प्रदेश आज पाकिस्तानात आहे.

वडील परमेश्वरी सहाय हे शिक्षक होते. मूल अवघे आठ महिन्यांचे असताना त्यांचे निधन झाले. आई पार्वती मुलाला घेऊन माहेरी, संयुक्त प्रांतातील बुलंदशहर जिल्ह्यातल्या सिकंदराबाद येथे गेल्या. हैदराबादजवळच्या सिकंदराबादशी या गावाचा संबंध नाही. हे दिल्लीच्या पूर्वेचे एक जुने गाव असून आज ते राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. आजोबा मुन्शी प्यारेलाल हे रुडकीत शिकलेले अभियंता होते. त्यांच्या घरात हत्यारे होती, यंत्रांचे सुटे भाग होते आणि नातवाने त्यांत हात घातला तर रागावणारे कोणी नव्हते. यांत्रिक खेळणी बनवणे, विजेच्या बॅटऱ्या तयार करणे, दोन डब्यांना दोरी बांधून दूरध्वनी करणे हे त्या मुलाचे खेळ. पित्याचे छत्र हरपलेल्या मुलाला अंगणात मिळालेली ही पहिली प्रयोगशाळा होती.

लाहोरची शाळा आणि तेथील गुरू

१९०८ साली चौदाव्या वर्षी शांतिस्वरूप लाहोरला आले. दयालसिंग हायस्कूलचे मुख्याध्यापक रघुनाथ सहाय हे त्यांच्या दिवंगत वडिलांचे मित्र. मित्राच्या मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांनी आपली मानली. एका शिक्षकाने मैत्रीपोटी उचललेला हा भार पुढे देशाच्या उपयोगी पडला.

त्या शाळेत विज्ञानाची गोडी वाढली आणि तिला धीटपणाची जोड मिळाली. १९११ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, या विद्यार्थ्याने अलाहाबादच्या ‘लीडर’ या वृत्तपत्राला एक पत्र पाठवले. बॅटरीत लागणाऱ्या कार्बनच्या कांड्या परदेशातून येत. काकवी आणि कार्बनयुक्त पदार्थ यांचे मिश्रण दाब व उष्णता देऊन घट्ट केले, तर तशा कांड्या येथेच तयार करता येतील, असे त्या पत्राचे सार होते. जे बाहेरून विकत आणावे लागते ते इथल्या कच्च्या मालातून घडेल का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्याबरोबर राहिला.

त्याच वर्षी ते दयालसिंग महाविद्यालयात दाखल झाले. तेथील नाट्यमंडळात त्यांनी उत्साहाने भाग घेतला, ‘करामाती’ नावाची उर्दू एकांकिका लिहिली आणि तिच्या इंग्रजी रूपांतराला पारितोषिकही मिळवले. पुढे फॉर्मन ख्रिश्चन महाविद्यालयातून १९१६ मध्ये बी.एस्सी. आणि १९१९ मध्ये रसायनशास्त्रात एम.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. दरम्यान १९१५ साली रघुनाथ सहाय यांच्या कन्या लाजवंती यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सुरू झाला होता, मिळकत तुटपुंजी होती. महाविद्यालयात प्रात्यक्षिके करवून घेण्याची नोकरी करीतच त्यांचे उच्च शिक्षण पूर्ण झाले.

लंडन : एका साध्या प्रश्नाची खोली

दयालसिंग महाविद्यालयाच्या विश्वस्तांनी शिष्यवृत्ती दिली तेव्हा अमेरिकेस जाऊन शिकण्याचा बेत होता. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि इंग्लंडहून अमेरिकेला जाणाऱ्या बोटी मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्यामुळे भटनागर लंडनमध्येच अडकले. विश्वस्तांच्या संमतीने त्यांनी तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश घेतला. मार्गदर्शक लाभले ते प्राध्यापक फ्रेडरिक डॉनन, द्रावणांतील आयनांच्या वर्तनावरील कामासाठी जगभर ओळखले जाणारे रसायनशास्त्रज्ञ. बोट चुकली आणि योग्य गुरू भेटले.

भटनागर यांच्या प्रबंधाचा विषय होता मेदाम्लांची द्विसंयुजी व त्रिसंयुजी लवणे तेलात किती विरघळतात आणि त्यामुळे तेलाच्या पृष्ठताणावर काय परिणाम होतो हा. शब्द जड असले तरी मुळातला प्रश्न शाळेच्या प्रयोगशाळेतला आहे. कोणते लवण पाण्यात विरघळेल आणि कोणते नाही, हे आधी सांगता येईल काय?

मीठ, सोडा, चुनखडी, तुरटी ही सारी आयनिक संयुगे आहेत. त्यांच्या स्फटिकात धन आयन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून धरतात. पाण्याच्या रेणूचेही एक टोक किंचित धनभारित व दुसरे किंचित ऋणभारित असते. स्फटिक पाण्यात टाकला की रस्सीखेच सुरू होते. एका बाजूला आयनांची आपसातली ओढ, दुसऱ्या बाजूला आयनांना घेरून दूर नेऊ पाहणारे पाण्याचे असंख्य रेणू. पाण्याची बाजू वरचढ ठरली तर पदार्थ विरघळतो. आयनांची पकड सुटली नाही तर तळाशी बसतो.

या रस्सीखेचीचा निकाल बऱ्याच वेळा आधी वर्तवता येतो, आणि म्हणूनच शाळेत विद्राव्यतेचे नियम शिकवतात. सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियम यांची लवणे साधारणतः विरघळतात. नायट्रेटेही विरघळतात. क्लोराइडे विरघळतात, पण चांदी व शिशाची अपवाद. सल्फेटे बहुधा विरघळतात, पण बेरियम व शिशाची नाहीत. कार्बोनेटे व फॉस्फेटे सोडियम-पोटॅशियमच्या सोबतीखेरीज सहसा विरघळत नाहीत. आयनांवरील विद्युतभार जितका अधिक तितकी त्यांची आपसातली पकड घट्ट, हा या नियमांमागचा एक मोठा धागा. परंतु तो एकटा पुरत नाही. सिल्व्हर क्लोराइडच्या दोन्ही आयनांवर भार एकेकच, तरी ते पाण्याला दाद देत नाही. मॅग्नेशियम सल्फेटच्या दोन्ही आयनांवर दुहेरी भार, तरी ते सहज विरघळते. नियम पाठ करावा आणि अपवादापाशी थांबून विचार करावा, हीच या विषयाची शिस्त आहे.

अंक पाहिले म्हणजे फरकाची कल्पना येते. १०० मिलिलिटर पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळते, जिप्सम ग्रॅमच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, आणि शुद्ध पाण्यात चुनखडी तर अवघी एक-दीड मिलिग्रॅम. न विरघळणारा म्हणतात तो पदार्थही किंचित विरघळतोच, आणि तो किंचितपणा मोजणे हे संशोधकाचे काम.

भटनागर यांनी अभ्यासलेली लवणे या गोष्टीची दुसरी बाजू दाखवतात. कॅल्शियम किंवा अॅल्युमिनियम यांच्याशी जोडले गेलेले मेदाम्ल पाण्याला परके होते, पण तेलाला जवळचे वाटते. त्यामुळे तेल व पाणी एकत्र घुसळून केलेल्या पायसाचे स्वरूपच अशा लवणांनी उलटू शकते. पाण्यात तेलाचे थेंब होते तेथे तेलात पाण्याचे थेंब होतात. एक भार असलेल्या आयनाने जे घडत नाही ते दोन-तीन भार असलेल्या आयनाच्या थोड्याशा मात्रेने घडते, याचा अनुभव त्यांनी प्रयोगांतून घेतला. ब्रिटनच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची वर्षाला अडीचशे पौंडांची अधिछात्रवृत्ती त्यांना मिळत होती. सरकार, विद्यापीठ आणि उद्योग यांना जोडणारा असा विभाग कसा चालतो, हेही त्यांनी तेथे जवळून पाहिले. सुट्टीच्या काळात बर्लिन आणि पॅरिस येथील प्रयोगशाळांनाही त्यांनी भेटी दिल्या.

चिखलाचे कोडे

ऑगस्ट १९२१ मध्ये भटनागर मायदेशी परतले आणि बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे ते तीनच वर्षे होते, पण त्या विद्यापीठाला त्यांनी एक कायमची ठेव दिली. आजही तेथे गायले जाणारे कुलगीत या रसायनशास्त्रज्ञाच्या लेखणीतून उतरलेले आहे. १९२४ साली ते लाहोरला पंजाब विद्यापीठात भौतिक रसायनाचे प्राध्यापक आणि रासायनिक प्रयोगशाळांचे संचालक झाले. पुढची सोळा वर्षे त्यांच्या संशोधनाच्या बहराची होती. के. एन. माथुर यांच्यासह त्यांनी १९२८ साली पदार्थांचे चुंबकीय गुणधर्म अत्यंत सूक्ष्मतेने मोजणारा तराजू तयार केला. लंडनच्या अॅडम हिल्गर कंपनीने तो बाजारात आणला. चुंबकीय रसायनावरील दोघांचा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला.

याच काळात रावळपिंडीजवळ तेलाच्या विहिरी खणणाऱ्या अॅटक ऑइल कंपनीपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. विहीर खणताना वेधकाच्या टोकाशी पातळ चिखल सतत सोडावा लागतो. तो टोक थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि विहिरीच्या भिंतींना आधार देतो. परंतु वेधक मिठाच्या थरांपाशी पोचला, की तोच चिखल घट्ट होऊन साकळू लागे आणि काम ठप्प होई. कंपनीने नाना यांत्रिक उपाय करून पाहिले. गुण आला नाही.

भटनागर यांनी या अडचणीकडे यंत्राचा बिघाड म्हणून पाहिले नाही. त्यांना ती आयनांची करणी दिसली. चिखलातील मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विरघळलेले नसतात, ते तरंगत असतात. त्या प्रत्येकावर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, आणि म्हणून चिखल पातळ राहतो. भूगर्भातील मीठ मात्र खरेखुरे विरघळते. त्याचे आयन चिखलात मिसळले, की कणांमधले हे दूर लोटणे क्षीण होते. कण एकमेकांना चिकटतात आणि चिखल साकळतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, त्यामागे हेच तत्त्व मोठा वाटा उचलते. समुद्राला मिळताना नदीचा गाळ खाडीच्या मुखाशी बसतो, त्यातही या तत्त्वाचा हात असतो. घरात जे हवेसे असते तेच विहिरीच्या तळाशी नकोसे झाले होते.

उपायही यंत्राचा नव्हता. भटनागर यांनी चिखलात देशी डिंक मिसळण्याचा सल्ला दिला. डिंकाचे लांबलचक रेणू मातीच्या कणांभोवती आवरण धरतात, आणि मग मिठाच्या आयनांचा त्यांच्यावर सहज परिणाम होत नाही. चिखलाचा घट्टपणा कमी झाला आणि तो खाऱ्या थरातही टिकू लागला. बाजारात सहज मिळणाऱ्या एका साध्या पदार्थाने अडलेले काम चालू केले.

दीड लाखांचा निर्णय

कंपनीचे लंडनमधील प्रतिनिधी स्टील ब्रदर्स या उत्तराने इतके प्रसन्न झाले की त्यांनी पेट्रोलियमविषयक पुढील संशोधनासाठी भटनागर यांना दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. घरात संसार होता, मुले होती. प्राध्यापकाच्या पगारात श्रीमंती येत नाही. हा पैसा स्वतःकडे घ्यावा असा मोह कोणालाही पडला असता आणि त्यात बेकायदा असे काही नव्हते.

भटनागर यांनी ती रक्कम विद्यापीठाकडे द्यावी असा आग्रह धरला. तिच्यातून पंजाब विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, तरुण संशोधकांना वेतने मिळाली आणि मेणाचा वास घालवण्यापासून रॉकेलची ज्योत उंच करण्यापर्यंतचे प्रश्न हाती घेतले गेले. काम पाहून कंपनीने पुढे अनुदान आणि मुदत दोन्ही वाढवली. त्या काळातील विद्यापीठीय वर्तुळात या निर्णयाची मोठी चर्चा झाली. मेघनाद साहा यांनी पत्र लिहून त्यांची प्रशंसा केली. शास्त्रज्ञाने उद्योगाचे काम करावे, मात्र त्याचे फळ संस्थेच्या पदरात टाकावे, हा पायंडा त्यातून पडला. पुढे देशाने त्यांच्या हाती जे सोपवले, त्याची पात्रता या निर्णयात दिसून आली होती.

युद्ध, परिषद आणि राजधानी

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी मालाची आवक आटली. १९४० साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा भटनागर यांच्याकडे आली. लाहोर सोडून त्यांना कलकत्त्याच्या अलीपूर येथे जावे लागले. विषारी वायूला दाद न देणारे कापड, वनस्पती तेलांपासून वंगणे, टाकाऊ मालापासून प्लास्टिक अशा अनेक विषयांवर तेथे काम झाले. सतराव्या वर्षी ‘लीडर’ला लिहिलेल्या पत्रातला प्रश्न आता साऱ्या देशाचा झाला होता.

१९४१ साली त्यांच्या व रामस्वामी मुदलियार यांच्या प्रयत्नांनी औद्योगिक संशोधनासाठी पाच वर्षे दरसाल दहा लाख रुपयांचा निधी मंजूर झाला. २६ सप्टेंबर १९४२ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय आज दिल्लीच्या रफी मार्गावर आहे. १९४१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता आणि १९४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

मानसन्मान वाढत असतानाच १९४६ साली लाजवंती यांचे निधन झाले. त्यांच्यासाठी लिहिलेल्या उर्दू कवितांचा संग्रह भटनागर यांनी ‘लाजवंती’ याच नावाने प्रसिद्ध केला. दिवसभर फायलींत आणि प्रयोगशाळांच्या नकाशांत गुंतलेल्या माणसाचे एकाकीपण त्या पुस्तकात साठवले गेले.

सैंधवाची खाण सीमेपलीकडे

१९४७ च्या फाळणीने भटनागर यांचे जन्मगाव, त्यांची शाळा, त्यांचे महाविद्यालय आणि त्यांनी उभी केलेली लाहोरची प्रयोगशाळा हे सारे परक्या देशात गेले. खेवड्याची मिठाची खाणही तिकडे गेली. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशाला मिठाची चणचण भासू लागली. एके काळी दिल्लीजवळही मीठ पिकत असे. द्वारकेच्या नैर्ऋत्येला फर्रुखनगर आणि सुलतानपूर या भागांत खाऱ्या विहिरींचे पाणी उन्हात आटवून मीठ काढले जाई. पण ते उद्योग केव्हाच मागे पडले होते. आता भिस्त होती ती गुजरात, कोकण आणि मद्रासच्या किनाऱ्यावरील मिठागरांवर.

मिठागर ही विद्राव्यतेची उघड्या आभाळाखालची प्रयोगशाळा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम निरनिराळे क्षार असतात. पाणी आटू लागले की जो क्षार सर्वांत कमी विरघळतो तो सर्वांत आधी बाहेर पडतो. पहिल्यांदा चुनखडी, मग जिप्सम, आणि पाण्याचा सुमारे नऊ-दशांश भाग उडून गेल्यावर मीठ. मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार शेवटपर्यंत कडवट पाण्यात राहतात. उरण, पेण आणि वसईच्या मिठागरांतील माणसे खाचरामागून खाचरात पाणी खेळवतात, तेव्हा ती याच क्रमाचा उपयोग करीत असतात. जिप्सम आधीच्या खाचरात मागे पडले आणि कडवट पाणी वेळीच काढून टाकले, तर मीठ शुद्ध मिळते. त्याच कडवट पाण्यातून खतासाठी पोटॅशही काढता येते. परंपरेने चालत आलेल्या या ज्ञानाला मोजमापाची जोड देण्यासाठी भावनगर येथे केंद्रीय मीठ संशोधन संस्था उभारण्यात आली. १० एप्रिल १९५४ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मिठाच्या डोंगराजवळ जन्मलेल्या शास्त्रज्ञाने, तो डोंगर गमावलेल्या देशाला समुद्राकडे वळवले.

नेहरूंचा पाठिंबा आणि भटनागर यांची कामाची गती यांमुळे थोड्याच वर्षांत देशभर प्रयोगशाळांचे जाळे विणले गेले. पुण्यातील पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले, आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे उद्घाटन सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते झाले. पुण्याच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते जेम्स मॅकबेन. साबणाच्या द्रावणात मेदाम्लाचे आयन एकत्र येऊन पुंजके करतात, हा विचार मांडून त्यांनी आधीच कीर्ती मिळवली होती. लंडनमध्ये मेदाम्लांच्या लवणांवर पदवी घेतलेल्या भटनागर यांच्या कारकिर्दीत पुण्याची प्रयोगशाळा साबणाच्याच एका थोर अभ्यासकाकडे सोपवली गेली, हा योग मोठा सुरेख आहे.

प्रयोगशाळांबरोबर इतरही भार त्यांच्यावर पडत गेले. १९४८ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा आयोगात होमी भाभा आणि के. एस. कृष्णन यांच्यासोबत ते होते. शिक्षण मंत्रालयाचे आणि पुढे नैसर्गिक साधनसंपत्ती व वैज्ञानिक संशोधन मंत्रालयाचे सचिवपद त्यांनी सांभाळले. तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी परदेशी कंपन्यांशी झालेल्या वाटाघाटींतही त्यांचा मोठा वाटा होता. मुंबईजवळ तुर्भे येथे उभे राहिलेले कारखाने हे त्याचेच फलित.

आक्षेप आणि त्यांचे मोल

या कार्याला टीकाकारही लाभले आणि ते सामान्य नव्हते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सरकारी प्रयोगशाळांच्या या विस्तारावर उघड नापसंती व्यक्त केली. आक्षेपाचा रोख स्पष्ट होता. बुद्धिमान संशोधक विद्यापीठांतून उठून प्रयोगशाळांत गेले, तर विद्यार्थ्यांना शिकवणार कोण? भव्य इमारती आणि उत्तम उपकरणे एकीकडे व तरुण मने दुसरीकडे, अशी फाटाफूट झाली तर विज्ञानाचा झरा मुळाशीच आटेल.

हा आक्षेप चुकीचा म्हणून बाजूला सारता येत नाही. अनेक विद्यापीठांतील विज्ञान विभाग पुढील दशकांत साधनांअभावी मागे पडले, ही वस्तुस्थिती आहे. दुसरीकडे, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, फाळणीने पोळलेल्या देशाला मीठ, औषधे, इंधन, काच आणि रस्ते यांचे प्रश्न उद्यावर टाकणेही परवडणारे नव्हते. भटनागर स्वतः विद्यापीठातच घडले होते आणि हाती आलेला पैसा त्यांनी विद्यापीठालाच दिला होता. ही ओढाताण त्यांना अपरिचित नव्हती. १९५३ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दोन्ही बाजू सांधण्याची संधी हातात आली, पण त्यासाठी लागणारा काळ मात्र मिळाला नाही.

साठ वर्षांचे आयुष्य

१ जानेवारी १९५५ रोजी नवी दिल्ली येथे हृदयविकाराच्या झटक्याने डॉ. भटनागर यांचे निधन झाले. वयाची साठ वर्षे पूर्ण होऊन एकसष्टावे संपण्यास जेमतेम पावणेदोन महिने उरले होते. त्यांच्या हयातीत बारा प्रयोगशाळांची उभारणी झाली होती. आदल्याच वर्षी पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव करण्यात आला होता.

त्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ पासून दिला जाऊ लागला. तो पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठी आहे, आणि आता विज्ञान युवा या नावाने तीच परंपरा पुढे चालू आहे. मुलाने सतराव्या वर्षी लिहिलेल्या पत्राकडे एका संपादकाने, आणि मित्राच्या पोरक्या मुलाकडे एका मुख्याध्यापकाने लक्ष दिले, तेथून ही वाट सुरू झाली होती. म्हणून तरुणांसाठीचा पुरस्कार हे त्यांचे उचित स्मारक आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीतल्या स्वच्छ द्रावणात दुसऱ्या द्रावणाचे दोन थेंब पडतात आणि क्षणात पांढरा अवक्षेप दिसू लागतो. बहुतेक विद्यार्थी त्याचे नाव वहीत लिहून पुढच्या प्रयोगाकडे वळतात. थोडे थांबून हे का घडले असे विचारणारा एखादा विद्यार्थी असतो, आणि त्याच्या प्रश्नाला वेळ देणारा एखादा शिक्षक असतो. भटनागर यांच्या आयुष्यात असे दोघे लाहोरच्या एका शाळेत भेटले. त्या भेटीतून पुढे पाषाणच्या टेकडीवर, पुसाच्या परिसरात आणि भावनगरच्या किनाऱ्यावर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. साठ वर्षांच्या वाटचालीकडे मागे वळून पाहणाऱ्या कोणत्याही शाळेला आपल्या वर्गांतून नेमके काय घडू शकते, याचे उत्तर या एका चरित्रात मिळते.